घरी गुंडाळलेली मेटल डिटेक्टरची पीआय कॉइल: अंगठी लांबून वाजते, पण नगेट टेकवली तरी वाजत नाही

बेंडिगोचा_इचलकरंजीकर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण दोन महिने यात अडकलोय म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामध्ये बेंडिगोला असतो. इथून पश्चिमेला टार्नागुल्ला, डनॉली, मोलियागुल, वेडरबर्न हा सगळा पट्टा सोन्याचा, गोल्डन ट्रँगल म्हणतात त्याला. मायनर्स राइट म्हणजे सोनं शोधायचा परवाना काढलाय (एकदा काढला की १० वर्षं चालतो) त्यामुळे परवानगी असलेल्या जंगलात शनिवार-रविवार रीतसर डिटेक्टर फिरवता येतो. कंपनीच्या चांगल्या मशीनची किंमत बघितली आणि ठरवलं की पल्स इंडक्शनचा (पीआय, म्हणजे कॉइलला विजेचा झटका द्यायचा आणि तो थांबल्यावर धातूचा प्रतिसाद ऐकायचा) बोर्ड आपणच करायचा. बोर्ड झाला, चालतोय. पल्स चालू-बंद करायला आयआरएफ७४० मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), १२ व्होल्ट, पल्स १५० मायक्रोसेकंदाचा, आणि पल्स बंद झाल्यावर पहिला सॅम्पल कधी घ्यायचा तो डिले ८ पासून ४० मायक्रोसेकंदापर्यंत फिरवता येतो.

अडलंय ते कॉइलवर. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, लूमच्या मोटरी भरायला यायच्या, शाळेतून आलो की मी तिथेच असायचो, त्यामुळे तार गुंडाळणं हातातलं काम आहे. मोनो कॉइल केलीय (पल्स सोडायला आणि ऐकायला एकच), २८ सेमी व्यास, ०.८ मिमीची इनॅमल तार, २१ वेढे, एकदम घट्ट बंडल, दोऱ्याने आवळून बांधलं, वार्निश मारलं, त्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून शिल्ड (एका जागी १ सेमी गॅप ठेवलाय, शिल्डचाच बंद वेढा होऊ नये म्हणून), वर टेप. केबल २ मीटर. एलसी मीटरवर इंडक्टन्स ३०४ मायक्रोहेन्री, रेझिस्टन्स ०.६ ओहमच्या आसपास. डॅम्पिंग रेझिस्टर (कॉइलचा झंकार थांबवणारा) सर्किटमध्ये दाखवलाय तसा १ के, म्हणजे १००० ओहम.

आता बघा. बायकोची २२ कॅरेटची अंगठी हवेत २७ सेमीवरून खणखणीत वाजते. मी खूश. मग टेस्टसाठी इथल्याच एकाकडून ०.४ ग्रॅमची खरी नगेट (जमिनीत सापडणारा सोन्याचा नैसर्गिक तुकडा) विकत घेतली, तुरीच्या डाळीएवढी, चपटी. ती कॉइलला टेकवली तरी धड आवाज नाही, १ सेमीवर तर काहीच नाही. त्याहून चक्रावलो ते बायकोच्या साखळीने. साखळी ८ ग्रॅमची, म्हणजे अंगठीच्या दुप्पट सोनं, ती ४ सेमीच्या पुढे वाजत नाही!! डिले २४ मायक्रोसेकंदाच्या खाली आणला की नुसता गोंधळ, सगळं सॅच्युरेट.

व्होल्टेज वाढवू का? वेढे वाढवू का? की मोठी कॉइल करू? ऑसिलोस्कोप आहे माझ्याकडे, काय मोजायचं ते सांगा, मोजतो.

मिरजेचा_रेडिओवाला

व्होल्टेज वाढवू नका, वेढेही नकोत. तुमची कॉइल उत्तम गुंडाळलेली आहे यात शंका नाही, पण ती मोटरची कॉइल झालीय. मोटरीत तार जितकी जाड, बंडल जितकं घट्ट आणि वार्निश जितकं आत मुरलेलं तितकं काम चांगलं. पीआयमध्ये या तिन्ही गोष्टी उलट्या पडतात.

आधी अंगठीचं कोडं सोडवू. पल्स बंद झाला की धातूत भोवरा प्रवाह फिरायला लागतो आणि हळूहळू विरतो. किती वेळ टिकतो ते त्या तुकड्याच्या आकारावर आणि तो किती चांगला वाहक आहे त्यावर. अंगठी म्हणजे बंद वेढा, प्रवाहाला गोल फिरायला आयता रस्ता, त्यामुळे तो खूप वेळ टिकतो. साखळीत प्रत्येक कडी वेगळी, कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या, तिथून प्रवाह धड जात नाही. म्हणजे मशीनला ८ ग्रॅमची साखळी दिसतच नाही, त्याला दिसतात शे-दीडशे बारीक बारीक कड्या. आणि नैसर्गिक नगेट शुद्ध नसते, त्यात चांदी मिसळलेली असते, थोडी चांदी आली तरी मिश्रधातूची वाहकता बरीच पडते, शिवाय भेगा, मातीचे कण, चपटा आकार. तेव्हा अंगठीवर टेस्ट करणं आजपासून बंद करा. दागिन्यावर कॉइल पास झाली याचा सोन्याच्या शेतात काही उपयोग नाही.

आता आकडे बघा म्हणजे लक्षात येईल. समजा तुमच्या नगेटचा टाइम कॉन्स्टंट २ मायक्रोसेकंद आहे. म्हणजे दर २ मायक्रोसेकंदाला सिग्नल तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर उरतो. १० व्या मायक्रोसेकंदाला जो सिग्नल १००० असेल तो २४ व्या मायक्रोसेकंदाला १ सुद्धा राहत नाही. हजारावरून एक! तुम्ही २४ ला ऐकायला जाताय तेव्हा नगेट बोलून गप्प झालेली असते. अंगठी मात्र अजून बोलतच असते. तुमचं दुखणं एवढंच आहे, बाकी बोर्ड ठीक दिसतोय.

२४ च्या खाली का येता येत नाही? कारण कॉइल स्वतःच शांत होत नाही. यात तीन गुन्हेगार आहेत.

पहिला म्हणजे तार. ०.८ मिमीची भरीव तांब्याची तार, तिच्या आतच भोवरा प्रवाह फिरतो, आणि हिशोब केला तर त्याचा टाइम कॉन्स्टंट साधारण २ मायक्रोसेकंदच येतो, म्हणजे तुमच्या नगेटएवढाच. १८ मीटर लांबीची नगेट कॉइलमध्येच घालून ठेवलीय तुम्ही, ती खऱ्या नगेटला दाबून टाकणार. हा टाइम कॉन्स्टंट जाडीच्या वर्गाने बदलतो, म्हणून बारीक बारीक पदरांची तार घ्या, ०.१ मिमीच्या पदराला तोच आकडा ६४ व्या हिश्श्यावर येतो. लिट्झ (प्रत्येक पदराला वेगळं इनॅमल असलेली तार) मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर टेफ्लॉन इन्सुलेशनची मल्टिस्ट्रँड हुकअप वायर. रेझिस्टन्स १ ते दीड ओहम झाला तरी घाबरू नका.

दुसरा, कपॅसिटन्स, म्हणजे जवळजवळच्या तारांमध्ये साठून राहणारा चार्ज. घट्ट बंडल, इनॅमल पातळ, वेढ्याला वेढा चिकटलेला, वर फॉइल थेट टेकलेली. पूर्वी रेडिओत हनीकोंब कॉइल असायच्या, जुन्या लोकांना आठवत असतील, तार नागमोडी तिरपी तिरपी गुंडाळलेली, मध्ये हवा. ती काही नक्षी नव्हती, शेजारच्या वेढ्यांमधला कपॅसिटन्स कमी करायला तसं करायचे. तुम्हाला तेच करायचंय. एका चकतीला विषम संख्येने खाचा पाडा, १५ किंवा १७, आणि खाट विणतो तशी तार एक खाच वरून एक खाच खालून घेत जा. विषम कशासाठी तर पुढच्या फेरीत तार आपोआप उलट बाजूने जाते आणि शेजारचे वेढे एकमेकांना फक्त मध्ये मध्ये शिवतात.

तिसरा डॅम्पिंग रेझिस्टर. सर्किटमध्ये १ के लिहिलंय ते त्या माणसाच्या कॉइलसाठी, तुमच्या नाही. तो प्रत्येक कॉइलला वेगळा काढावा लागतो. सूत्र अगदी सोपं आहे, पाय (३.१४) गुणिले रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (कॉइल स्वतःहून झंकारते ती) गुणिले इंडक्टन्स. तेवढा झाला की क्रिटिकल डॅम्पिंग. त्याच्यापेक्षा मोठा ठेवला की कॉइल घंटेसारखी झंकारत राहते, फार लहान ठेवला तर झंकारत नाही पण आळसावून उतरते.

तर आता मोजायचं काय ते. डॅम्पिंग रेझिस्टर काढा, अ‍ॅम्प्लिफायरची इनपुट सोडवा, सप्लाय कमी करा, आणि पल्स देऊन ड्रेनवर, म्हणजे मॉस्फेटच्या कॉइलकडच्या टोकावर, स्कोप लावा. शेपटीकडे जे लहान लहान झोके दिसतील त्यांची फ्रिक्वेन्सी वाचा, सुरुवातीच्या मोठ्यांची नको, तिथे मॉस्फेट आणि त्याचा आतला डायोड मध्ये लुडबुड करतात. प्रोब १० पटवालाच लावा आणि तो किती व्होल्ट सोसतो ते आधी बघा, पूर्ण सप्लायवर तिथे ४०० व्होल्टपर्यंत उसळी येते. हात लांब ठेवून काम करा.

बेंडिगोचा_इचलकरंजीकर

काका, वाचून अर्धा तास नुसता बसलो होतो. बाबा म्हणायचे बोट आत जाता कामा नये इतकं बंडल घट्ट पाहिजे, तेच डोक्यात पक्कं.

मोजलं. २१० किलोहर्ट्झ. तुमच्या सूत्राने पाय × २१०००० × ०.०००३०४ म्हणजे २०० ओहम! आणि मी १ के लावून बसलोय. २७० लावून बघितला तर डिले २४ वरून १७ पर्यंत आला, नगेट टेकवल्यावर वाजली. २०० लावला तर फरक नाही, उलट जरा वाईटच. सूत्र २०० म्हणतंय तर २७० का चांगला?

मिरजेचा_रेडिओवाला

कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला तुमच्याकडे १ के आणि दोन उलटे डायोड असणार. डायोड चालू असतात तोवर तो १ के सुद्धा कॉइलला समांतरच असतो, म्हणजे तोही डॅम्पिंगच करतो. दोघांचा मिळून २०० व्हायला पाहिजे, मग एकटा २५० च्या आसपास येतो. २७० जवळ आहे. बरोबर मोजलंत, शाब्बास.

२१० चा अर्थ असा की एकूण कपॅसिटन्स १९०० पिकोफॅरडच्या आसपास आहे. हा फार झाला. ४०० पर्यंत आणा. मॉस्फेटचा स्वतःचा कपॅसिटन्सही त्यात आहे, तो तोडायला ड्रेनच्या मार्गात एक फास्ट डायोड सिरीजमध्ये घाला. आणि ते डॅम्पिंगला लहान प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून ठेवू नका, प्रत्येक पल्सची बरीचशी ऊर्जा तिथेच जिरते, जळेल. मेटल फिल्म २ वॉटचा लावा. वायरवाउंड अजिबात नको, तो स्वतःच एक कॉइल आहे.

कालगुर्लीतला_चांदेकर

मी चंद्रपूरचा, खाणीत नोकरी, पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला असतो. रेडिओवाले काकांनी इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सांगून टाकलं, मी जमिनीचं बोलतो कारण कॉइल शेवटी जमिनीवर फिरवायची आहे, टेबलावर नाही.

तुझ्या भागात मोलियागुलला १८६९ साली वेलकम स्ट्रेंजर सापडला तो जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर होता. १९८० मध्ये किंगोअरजवळ हँड ऑफ फेथ, २७.२ किलो, तो तर डिटेक्टरनेच सापडला. तेव्हापासून त्या जमिनीवरून किती माणसं कॉइल घेऊन गेली असतील विचार कर. मोठं आणि वरचं जे होतं ते बहुतेक उचललं गेलंय. आता राहिलंय ते बारीक, ग्रॅमच्या आतलं, आणि नेमकं तेच जुन्या मशीनच्या कॉइलला ऐकू येत नव्हतं. म्हणून तुझी लढाई पहिल्या १० मायक्रोसेकंदातली आहे, खोलीची नाही.

खोलीवरून आठवलं, मोठी कॉइल करू का विचारलंस. नको करू. लांबच्या टारगेटचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने पडतो, जाताना तिसरा, येताना तिसरा. म्हणजे मशीनचा सिग्नल दुप्पट केलास तरी अंतर वाढतं फक्त १२ टक्के. त्यामागे पैसा आणि बॅटरी घालवण्यात अर्थ नाही. बारीक सोन्याला २० सेमीची कॉइल कर, जवळून फिरव, झुडपांच्या बुंध्यात घुसते, हातही दुखत नाही. बॉक्स-आयर्नबार्कच्या (निलगिरीच्या जातीची झाडं) जंगलात २८ वाली कॉइल नुसती फांद्यांना आपटते.

आता शिल्ड. किचन फॉइल काढून टाक. एकतर ती चांगली वाहक आहे, रुंद पट्टी म्हणजे तिच्यातही भोवरे फिरतात, सोन्याच्या वेळेतच. शिल्ड पाहिजे ती विजेला जेमतेम वाहक. ग्रॅफाइट पावडर अ‍ॅक्रिलिक रंगात कालवून दोन-तीन हात मार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हजारभर ओहम आला तरी चालतो. त्यावरून टिन चढवलेली एक बारीक तांब्याची तार फिरव म्हणजे सगळीकडून कनेक्शन राहील, पण रंगाला आणि तारेलाही गॅप ठेव, फॉइलला ठेवला होतास तसा. आणि वाइंडिंग आणि शिल्ड यांच्यात अंतर दे, २-३ मिमी. केबली बांधायला तो पांढरा प्लास्टिकचा स्पायरल मिळतो ना, तो वाइंडिंगवर गुंडाळला की अंतर आपोआप पडतं.

शिल्डशिवाय चालेल का हे लोक नेहमी विचारतात. घरात चालतं. बाहेर दव पडलेल्या गवतावर नेलीस की गवताचं प्रत्येक पातं कॉइलला शिवताना आवाज येतो. टेस्ट सोपी आहे, ओलं फडकं पिळून कॉइलच्या तळावरून फिरवायचं. आवाज आला तर शिल्ड फसलीय.

कुडाळकर_७

माका एक सांगा, मी पायरेट सर्किट केलंय, एनई५५५ वालं, कॉइल १९ सेमीवर ०.५ ची तार २५ वेढे जशी सगळे सांगतात तशी. आमच्याकडे जांभ्यावर नेलं की सारखं कुरकुरतं, वाळूत मस्त चालतं. कॉइल खराब आहे काय? आणि आमच्याकडे जुन्या वाड्यांच्या जोत्यात काही मिळेल काय, घरचे म्हणतात बघ तरी फिरवून.

कालगुर्लीतला_चांदेकर

कुडाळकर, कॉइल ठीक आहे. जांभ्यात लोखंड भरपूर, आणि त्यातले अगदी सूक्ष्म चुंबकीय कण पल्स संपल्यावर लगेच शांत होत नाहीत, ते हळूहळू सुटतात आणि मशीनला वाटतं धातू आहे. यावर ग्राउंड बॅलन्स लागतो, म्हणजे दोन वेगळ्या वेळी सॅम्पल घेऊन जमिनीचा भाग वजा करायचा. पायरेटमध्ये ते नाही, ते साधं शिकायचं सर्किट आहे, बारीक सोन्याला त्याचा उपयोग नाही. नाणी, लोखंडी पाइप, वाळूत हरवलेली अंगठी याला छान.

वाड्याच्या जोत्याचं मात्र स्पष्ट सांगतो. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे, जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची ठेव कलेक्टरला कळवावी लागते, लपवली तर गुन्हा. संरक्षित वास्तूत, किल्ल्यावर तर खणायचंच नाही. मशीन स्वतःच्या अंगणात, हरवलेल्या वस्तू शोधायला वापर. इथेही आम्हाला काही मोकळं रान नाही, मायनर्स राइट असलं तरी बहुतेक नॅशनल पार्कात बंदी, आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही, हाताच्या अवजारांनीच खणायचं आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. खड्डे उघडे टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कांगारू आणि गुरं पाय मोडून घेतात आणि नंतर ती जागा सगळ्यांनाच बंद होते.

एक विनंती मात्र आहे, कुडाळकर. तुझ्याकडचा जांभ्याचा एक चिरा कायम टेबलाखाली ठेव. मुद्दाम वाईट जमीन मिळवायला लोकांना इथे केवढी खटपट करावी लागते, तुझ्या दारातच आहे.

बेंडिगोचा_इचलकरंजीकर

तीन आठवड्यांनी आलोय. नवीन कॉइल झाली. सगळे आकडे लिहून ठेवलेत, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.

२० सेमीची केली, टेफ्लॉनची मल्टिस्ट्रँड तार, १७ खाचांची चकती प्लायवूडची. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली अरे हे तर आजोबांच्या बाजेसारखं विणलंयस. विणताना सुरुवातीला हात सारखा तार आवळायला जात होता, मुद्दाम सैल सोडावा लागला. जास्त वेढे घेतले आणि एलसी मीटर लावून एकेक सोडत ३०० वर आणलं. एका वेढ्याला साधारण २० मायक्रोहेन्रीचा फरक पडतो त्यामुळे शेवटचा अर्धा वेढा वाकवून जुळवला.

काकांनी सांगितलं होतं तसं नुसतं शेवटी न मोजता प्रत्येक टप्प्यावर मोजलं आणि मला वाटतं या सगळ्या कामात मला खरं शिकवलं ते या मोजण्याने. नुसती कॉइल, ९०० किलोहर्ट्झ (ही बोर्डाला न जोडता, शेजारी एक वेढ्याचं लूप ठेवून सिग्नल जनरेटरने काढली, प्रोब लांबच ठेवला). बघून उडालो, आधीची २१० होती. मग स्पायरल आणि ग्रॅफाइट शिल्ड, ६४०. १ मीटर केबल, ५४०. मग फोमच्या साच्यात ठेवून इपॉक्सी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी ४९०. बोर्डाला जोडल्यावर, सिरीज डायोड धरून, ४४८. म्हणजे ९०० ची निम्मी झाली आणि प्रत्येक पायरीने आपापला वाटा नेला.

इपॉक्सीचा वाटा मला माहीतच नव्हता. ओतायच्या आधी रेझिस्टर ८२० वर अगदी नीट जुळवला होता, कर्व्ह सुंदर उतरत होता. इपॉक्सी सुकल्यावर तोच रेझिस्टर ठेवून बघितलं तर १० मायक्रोसेकंदाला परत बारीक झोका. मला वाटलं तार तुटली. मग मोजलं तेव्हा कळलं, हिशोबाने ७३० आला, ६८० आणि ४७ सिरीजमध्ये लावले आणि झोका गेला.

आता डिले ९.५ मायक्रोसेकंदावर स्थिर आहे. ०.४ ची नगेट ७ सेमीवर वाजते. ७!! आणि अंगठी २७ वरून २३ वर आली, कॉइल लहान झाल्यामुळे असेल, मला त्याचं काही वाटत नाही. साखळी ११ वर.

एक अडचण राहिलीय. कॉइल जमिनीला, दगडाला टेकली की टक्क असा आवाज येतो. आणि हलवताना हँडलजवळ केबल हलली तरी.

मिरजेचा_रेडिओवाला

फार छान काम केलंत. आकडे लिहून ठेवलेत हे सगळ्यात चांगलं.

इपॉक्सीचं कारण साधं आहे, आधी वेढ्यांमध्ये हवा होती, तिथे इपॉक्सी गेलं, त्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट हवेच्या साडेतीन-चार पट, तेवढा कपॅसिटन्स वाढतो. म्हणून डॅम्पिंग नेहमी सगळ्यात शेवटी, केबल आणि कनेक्टर सकट. पुढच्या वेळी इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे पोकळ काचेची भुकटी, कालवा. वजनही कमी आणि कपॅसिटन्सही.

टक्क आवाजाचं म्हणाल तर बोटाच्या पेराने कॉइलवर गोल गोल फिरत ठोकत जा, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, १२ पासून परत १२ पर्यंत. सगळीकडे सारखं वाजतंय का एकाच जागी? एकाच जागी असेल तर तिथे तार इपॉक्सीत नीट बसलेली नाही, आत हलतेय. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्यात व्होल्टेज येणारच, आणि तुमचं अ‍ॅम्प्लिफिकेशन प्रचंड आहे.

बेंडिगोचा_इचलकरंजीकर

ठोकलं. ५ ते ६ च्या मध्येच वाजतंय, बाकी गप्प. तिथेच तारेची दोन टोकं बाहेर काढलीयत केबलला जोडायला, ती दीड सेमी मोकळी आहेत बॉक्समध्ये! डाग दिला आणि झाकण लावलं, आत काही भरलंच नाही.

मिरजेचा_रेडिओवाला

तेच. तिथे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा, व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, ते तांबं खातं. केबलला बॉक्सच्या तोंडाशी ग्लँड (केबल घट्ट पकडणारी) लावा म्हणजे ओढ आत पोचणार नाही.

कालगुर्लीतला_चांदेकर

७ सेमी म्हणजे घरच्या कॉइलला फार चांगलं. पण हे हवेतलं आहे हे विसरू नको. जंगलात नेण्याआधी एक बादली तिथल्या लाल मातीने भरून आण, त्यात आयर्नस्टोनचे (लोखंड असलेल्या दगडाचे) खडे येऊ देत. छोटा पाइप आडवा पुर, त्यातून नगेट दोऱ्याला बांधून सरकवता येते, म्हणजे माती न उकरता आत-बाहेर करून ऐकता येतं. हवेत ७ असेल तर मातीत ५ मिळाली तरी खूश राहा. माती नाही आणता आली तर भाजलेली लाल वीट घे, भट्टीत भाजल्याने तिच्यातही ते सूक्ष्म चुंबकीय कण तयार होतात, ती जमिनीसारखाच त्रास देते.

आणि सॉल्टचं. ९.५ मायक्रोसेकंदाला तुझी कॉइल बारीक सोनं ऐकते तशी ओली खारट जमीनही ऐकते, दोन्ही त्याच वेळेत बोलतात. आमच्याकडे सॉल्ट लेकच्या काठावर डिले १५ च्या पुढे न्यावाच लागतो. तुझ्याकडे एवढं नाही पण पाऊस पडून गेल्यावर चिकणमातीच्या ओघळात कॉइल कुरकुरली तर लगेच घरी येऊन उकलत बसू नकोस, आधी डिले वाढवून बघ.

टेस्टला सारखी नगेट वापरून हरवू नको, शिसं वापर. मासेमारीचे सगळ्यात बारीक गोळे. शिशाची वाहकता शुद्ध सोन्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, भेसळीच्या चपट्या नगेटच्या बरंच जवळ जातं.

बेंडिगोचा_इचलकरंजीकर

काल गेलो होतो, टार्नागुल्लाच्या बाजूला, जुन्या लोकांनी वरची माती खरवडून धुतलेली जागा आहे, गारगोटीचे पांढरे तुकडे सगळीकडे. बादलीत नगेट ५ सेमीवर येत होती, अगदी चांदेकरदादा म्हणाले तेवढीच. सिलिकॉन भरल्यापासून टक्क आवाज गेला. सकाळी गवतावर दव होतं, कॉइल गप्प.

पहिले दोन तास शिसं. बंदुकीचे छर्रे, सात निघाले, शेवटचा तर ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान होता आणि ३-४ सेमी खाली होता. हा छर्रा आधीच्या कॉइलने ऐकला असता का, शक्यच नाही. मग बुटाचा एक बारीक खिळा, मग परत छर्रे. साडेअकराच्या सुमारास एका आयर्नबार्कच्या मुळाशी अगदी मऊ आवाज आला, कॉइल जमिनीला जवळजवळ घासत फिरवली तेव्हाच येत होता, उचलली की जायचा. वरचा पाला सरकवला, आवाज तिथेच. दोन बोटं माती काढली, आवाज मोठा. मग मूठभर माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घेऊन अर्धी अर्धी टाकत गेलो, शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरली आणि हात कॉइलवरून नेला तर वाजतोय. फुंकर मारली. पिवळं.

घरी काट्यावर ०.२३ ग्रॅम. खड्डा बुजवला, पाला परत पसरला.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सोन्याचं काही विचारलं नाही, वेढे किती, तार कुठली, सैल का ठेवली तेच विचारत बसले, अर्धा तास. आता म्हणतायत चकतीच्या खाचा तिरप्या कापल्या तर तार घसरणार नाही आणि विणायलाही सोपं जाईल. पुढची तशी करतोय, या वेळी मायक्रोबलून घालून. आकडे इथेच टाकतो.